बाटलीत फॉर्मॅलिन आहे का, आधी विचारा

आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, टाकेही सुकले. महिन्याभराने बेंबीजवळच्या छेदाशी गाठ आली आणि पू झिरपू लागला. नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी काहीच फरक पडेना, म्हणून गाठ कापून तपासायला पाठवली.

माझा सगळा राग इथेच आहे. काढलेला अख्खा तुकडा फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवून ठेवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत गेला. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीसारख्या आजारात दिसणारे पेशींचे पुंजके) दिसले, 'एएफबी पॉझिटिव्ह' (टीबीच्या गटातले जंतू दिसले) आलं आणि तेवढ्यावर आईला एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. उलट्या, जेवण बंद, जखम मात्र तशीच ओली. कल्चरचं (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं) विचारायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्याचं कल्चर होत नाही." दुसरा तुकडा कोणी ठेवलाच नव्हता. आता पुन्हा पुरेसा पू साठेपर्यंत थांबा! आईची जखम चिघळायची वाट बघत बसायचं, ही वेळ कोणावर येऊ नये. दोन डब्या भरायला किती वेळ लागला असता?

एएफबी दिसला म्हणजे टीबीच, असं नसतं. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, चेलोनी, फॉर्च्युइटम हे टीबीच्या जंतूचे भाऊबंद पाण्यात-मातीत राहतात. दुर्बिणीची उपकरणं नीट निर्जंतुक झाली नाहीत किंवा शेवटी नळाच्या पाण्याने धुतली, की छेदातून आत शिरतात. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण सहजासहजी मारू शकत नाहीत. म्हणून औषधं महिनोन्‌महिने लागतात, आणि तीही वेगळी. स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली एएफबी बघायची तपासणी) पॉझिटिव्ह पण सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आली, तर डॉक्टरांना एनटीएमबद्दल, म्हणजे टीबी नसलेल्या या भाऊबंदांबद्दल, जरूर विचारा. आमची सीबीनॅट निगेटिव्हच होती.

तुकडा काढण्याआधीच सांगा: अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा निर्जंतुक डबीत साध्या सलाइनमध्ये. पू असेल तर सिरिंजमध्ये घ्यायला सांगा, कापसाच्या काडीवर नको. फॉर्मवर 'मायकोबॅक्टेरियल कल्चर' लिहून घ्या. हे जंतू लवकर वाढतात, बहुधा ७ दिवसांत दिसतात.

पुन्हा साठलेल्या पुवाच्या कल्चरमध्ये आईचा अ‍ॅब्सेसस निघाला. एकेटी बंद झाली. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं सुरू झाली. जखम आता कोरडी आहे, आई पोटभर जेवते.

हो, रिपोर्टवर नुसतं 'एनटीएम' असेल तर घेऊ नका; जंतूचं पूर्ण नाव आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध त्यावर चालतं ते) मागा. अ‍ॅब्सेससमध्ये क्लॅरिथ्रोमायसिनची सेन्सिटिव्हिटी १४ दिवसांपर्यंत बघावी लागते, कारण काहींचा प्रतिकार उशिरा दिसतो. आणि अमिकासिनच्या आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) व क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या, कारण हे औषध कान आणि किडनीला त्रास देऊ शकतं. कानात आवाज येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.