हौदांमागून पुणे: बाबा, लेक आणि तीन दिवस

आमच्याकडे सहल ठरवायची म्हणजे आधी बाबांची हरकत ऐकून घ्यायची. जानेवारीत पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा एका टूरवाल्याचा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. एका दिवसात अकरा ठिकाणं. बाबांनी चष्मा लावून तो खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात कात्रजचा तलाव कुठाय?" नव्हता. "मग मी येत नाही."

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, त्यामुळे पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर हे घरचेच विषय. डोंगरातलं पाणी पंपाशिवाय शहरात कसं येतं, हे बाबा जेवताना भाताचा डोंगर आणि आमटीचा ओहोळ करून समजावतात. पेशव्यांनीही कात्रजहून पुण्यात असंच पाणी आणलं होतं, ते त्यांना बघायचं होतं. टूर रद्द झाली. बाबा, आठवीतली लेक आणि मी असे तिघेच निघालो. लेकीची अट एकच होती, रोज एक मस्तानी. प्यायची.

पहिली सूचना मराठवाड्यातून एसटीने येणाऱ्यांना. बसवर पाटी शिवाजीनगरची असली, तरी मेट्रोच्या कामापासून ते स्टँड वाकडेवाडीला गेलंय. आम्ही "स्टँडसमोरच मेट्रो आहे" या भरवशावर उतरलो आणि बॅगा घेऊन वेड्यासारखे इकडेतिकडे बघत राहिलो. तिथून शिवाजीनगर मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा करा, मीटरने. मग स्वारगेटच्या दिशेची मेट्रो. जिल्हा न्यायालयानंतर कसबा पेठ, मग मंडई, मग स्वारगेट. जुनं पुणं बघायला आलेल्या माणसाला याहून सोयीची तीन स्टेशनं मिळणार नाहीत. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे आणि तिथून पुढे गाडी मुठा नदीच्या खालून जाते. हे कळल्यावर बाबा खिडकीला नाक लावून बसले. बाहेर अर्थातच मिट्ट काळोख.

मुक्कामाला पेठांतच राहा. बाणेर-वाकडला स्वस्तात छान खोल्या मिळतात म्हणून लोक तिकडे उतरतात आणि दिवसाचे दोन-तीन तास वाहतुकीत घालवतात. आम्ही पेठेतलं एक लॉज फोटो बघून घेतलं. फोटोत लिफ्ट होती. प्रत्यक्षातही होती, पण बंद, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. बाबांच्या गुडघ्यांनी मला तीन दिवस माफ केलं नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी तोंडी विचारून घ्या: लिफ्ट चालू आहे का, गरम पाणी किती ते किती, आणि खोली दुपारी बाराला सोडायची की चोवीस तासांच्या हिशेबाने. आधारकार्ड सगळ्यांचं लागतं, लेकीचंसुद्धा.

ठिकाणांची यादी मी महत्त्वाप्रमाणे न करता पेठांप्रमाणे केली होती. एवढी एकच गोष्ट या सहलीत मला पूर्ण बरोबर जमली. पहिला दिवस कसबा आणि शनिवार पेठ, पायी.

सुरुवात कसबा गणपतीपासून. तो पुण्याचा ग्रामदैवत, त्याला टाळून पुढे जाणं बरं नाही. लाल महाल जवळच आहे. शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा उरलेला नाही. सध्याची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात उभारली, त्यामुळे वीस मिनिटं पुरतात. मात्र १६६३च्या एप्रिलमध्ये शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली ती याच जागी, हे मुलांना तिथे उभं राहून सांगायला मजा येते. मग तांबट आळीकडे वळा. आळी शोधायला नकाशा लागत नाही, हातोड्यांचा आवाज ऐकत गेलं की पुरे. तांब्याच्या भांड्यावर एकसारख्या ठोक्यांची खळी पाडतात, त्याला मठारकाम म्हणतात. लेकीने पाणी प्यायचा तांब्या घेतला. दुकानातल्यापेक्षा फार स्वस्त पडतो असं नाही, पण ठोके घालणारा माणूस समोर बसलेला असतो.

इथेच बाबांना पहिला धागा सापडला. चौकाचं नाव सात तोटी. त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. पुणेकर तुटक बोलतात असं आम्हाला घरून बजावून पाठवलं होतं. हे गृहस्थ अर्धा तास बोलले. इथे सात तोट्यांचा हौद होता, पाणी कात्रजचं. असे हौद गावभर होते. काळा हौद, बदामी हौद ही नावं आजही लोकांच्या पत्त्यांत आहेत. पाणी गेलं, नावं राहिली.

शनिवारवाड्याला तीन-साडेतीननंतर गेलो. तिकीट २५ रुपये, फोनवर काढलं तर थोडं कमी. खिशात सुटे नसतील तर फोनच बरा. ज्यांना सिनेमातले महाल डोळ्यांसमोर आहेत त्यांनी आधीच मनाची तयारी करावी. १८२८च्या आगीत आतलं सगळं जळालं. उरलेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केली, म्हणून शनिवारवाडा. दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत, तिथे सगळेच फोटो काढतात, आम्हीही काढला. लेकीला नारायण दरवाजा बघायचा होता. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशवे मारले गेले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, हे ऐकून ती गप्प झाली. अमावास्येला ऐकू येणाऱ्या हाकेची गोष्ट एका मार्गदर्शकाने तिला रंगवून सांगितली. मला ती कधीच आवडली नाही. खरी हकिगत पुरेशी वाईट आहे.

बाबा तोवर हजारी कारंज्यापाशी बसले होते. कमळाच्या आकाराचं हे कारंजं आज कोरडं असतं. लोक डोकावतात आणि पुढे जातात. बाबा म्हणाले, "हे उडायचं कशावर? वीज नाही, मोटार नाही. कात्रज इथून वर आहे म्हणून हे उडायचं." हे डोक्यात घेऊन वाड्याकडे पाहिलं की जोत्यांची ओसाडी कमी वाटते.

दुसऱ्या दिवशी कात्रज. स्वारगेटहून पीएमपीएमएलच्या बसेस एकामागून एक असतात, रिक्षाला पैसे घालवू नका. आठच्या आत निघा, सातारा रस्ता नंतर तुंबतो. जवळच्या प्राणिसंग्रहालयालाही जाणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, इथे डोंगरातलं पाणी बांध घालून अडवलं. तलाव दोन आहेत. वरच्यात गाळ बसतो आणि निवळ पाणी खालच्यात येतं. तिथून चुना-दगडाचा बंदिस्त नळ जमिनीखालून थेट गावात नेला. नळ म्हणजे पाइप नव्हे, माणूस आत चालत जाईल एवढं भुयार. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या खिडक्या, त्यांना उच्छ्वास म्हणायचे. हवा कोंडू नये, गाळ काढायला माणूस उतरावा आणि गरज पडली तर पोहऱ्याने पाणीही काढता यावं, अशी तीन कामं एका भोकात. गावात आलं की हे पाणी हौदांत पडायचं. बाबांना त्यात काय दिसत होतं कुणास ठाऊक, पण ते बांधावर पाऊण तास उभे होते आणि एकदाही बसायला जागा आहे का असं म्हणाले नाहीत. उतार इतका बेताचा राखणं, की पाणी थांबूही नये आणि भिंत खरवडूही नये, हे कागदावर सोपं असतं म्हणाले.

तलावाचं आजचं पाणी मात्र बघवत नाही. जलपर्णी आणि वास. मुलांना घेऊन जाताना हे सांगून ठेवा.

परत येताना सारसबाग. तिथल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात, पण तळं दिसत नाही म्हणून लेक गोंधळली. आज हिरवळ आहे तिथे खरंच तळं होतं. नानासाहेबांनी आंबिल ओढ्याचं पाणी वळवून ते केलं होतं, आणि मधल्या बेटावर १७८४मध्ये सवाई माधवरावांनी गणपती बसवला. पर्वतीवरून हे बरोबर समजतं, म्हणून आधी सारसबाग आणि मग पर्वती हा क्रम ठेवा. पर्वतीला १०३ पायऱ्या. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, तरी गुडघेवाल्यांनी टप्प्याटप्प्याने चढावं. बाबा तिसाव्या पायरीवर थांबले आणि आम्हाला वर पाठवलं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१मध्ये इथेच गेले. ऊन उतरल्यावर जा. वरून सगळ्या पेठा एका मुठीत मावतील एवढ्या दिसतात, आणि लॉजची बंद लिफ्ट त्यातच कुठेतरी.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर भांडणं होतात. नारायण पेठेत मिसळ खायची तर सकाळी साडेनऊच्या आत पोचा, रविवारी तर नक्कीच. चहा अमृततुल्यात घ्या. मस्तानी दोघांत एक पुरते, हे तिसऱ्या दिवशी लेकीनेच मान्य केलं. लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, त्यामुळे तुळशीबागेची खरेदी त्या दिवशी ठेवू नका. तुळशीबागेत गेलात तर कानातल्यांच्या गराड्यातून आतल्या राममंदिरापर्यंत जाच. बाहेर "ताई, या इकडे" चाललेलं असतं, आणि आत पाऊल टाकलं की शांत.

तिसरा दिवस मी आधी हलका धरला होता. तोच जड गेला. मंडईच्या पलीकडे गंज पेठेत, जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, जोतीराव आणि सावित्रीबाईंचं घर आहे. छोटं, नीटनेटकं, शेणाने सारवल्यासारखं साधं. पाहायला अर्धा तास लागतो. गर्दी नव्हती. आवारात पाण्याचा हौद आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. बाबा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन दिवस मी तुला पाणी गावात कसं आलं ते सांगतोय. कुणाच्या घागरीत आलं ते मी विचारलंच नाही." कात्रजच्या नळाचं कौतुक त्यांनी मागे घेतलं नाही, पण त्या दिवशी पुन्हा काढलंही नाही.

पुण्याच्या सहलीत फुलेवाडा शेवटी, वेळ उरला तर, असा टाकतात. तो आधी ठेवा.

तिथून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. नागझरीच्या काठी, दाट वस्तीत दडलेलं काळ्या दगडाचं मंदिर. दर्शनी भिंतीवर साखळीने बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवती गोरे शिपाई कोरलेत. अठराव्या शतकातल्या कुणा कारागिराला हे का सुचलं असेल यावर आमच्यात रिक्षा मिळेपर्यंत वाद चालला. खाली तळघर आहे आणि त्यात पाणी असतं. एरवी ते बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात. बाबांनी तारीख लिहून घेतली.

दुपारी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते, दिवे, वाद्यं, दौती, स्वयंपाकघरातल्या चिजा. दोन तास धरून जा, आणि पाय दुखत असतील तर सकाळी दहाला उघडताच जा. कोथरूडहून आणून पुन्हा जोडलेला मस्तानी महाल इथेच आहे. लेकीला वाटलं होतं की मस्तानी मिळेल.

चौथा दिवस असेल तर आगाखान पॅलेस. वनाज–रामवाडी मेट्रोने कल्याणीनगरला उतरा. गांधीजी १९४२ ते १९४४ तिथे स्थानबद्ध होते, आणि महादेवभाई देसाई व कस्तुरबा तिथेच गेल्या-गेले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. विमानतळाच्या वाटेवर अर्ध्या तासात उरकायची ती जागा नाही, म्हणून आम्ही गेलोच नाही.

गणेशोत्सवात यायचं तर फक्त गणेशोत्सवासाठी या. तेव्हा पेठांतले रस्ते बंद असतात आणि वाडे-हौद बघणं जमत नाही. मे महिन्यात दुपारी पायी फिरणं आम्हा मराठवाड्याच्या लोकांनाच झेपेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण पहाटे स्वेटर लागतो.

सिंहगड का नाही केला, असं परतल्यावर सगळ्यांनी विचारलं. गडाला आख्खा दिवस लागतो, आणि तोही ताज्या पायांचा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बस जाते. उजाडायच्या आत निघा, वर पिठलं-भाकरी खा, मडक्यातलं दही खा, आणि वाटेत खडकवासल्याला उतरायचा हट्ट धरणारं माणूस बरोबर असेल तर परतीच्या बसची वेळ आधीच विचारून ठेवा.