नेदरलँड्सचा राहण्याचा परवाना आणि आजोळच्या ग्रामपंचायतीतलं रजिस्टर : माझा अनुभव

मी नेदरलँड्सला आले तेव्हापासून अमळनेरच्या मैत्रिणी एकच विचारतात, व्हिसाला फार त्रास झाला का गं? नाही झाला. परदेशातल्या एकाही खिडकीवर मला कुणी ताटकळत ठेवलं नाही. मला रडवलं ते आजोळच्या ग्रामपंचायतीने. तापीकाठचं, धुळे जिल्ह्यातलं गाव आहे. नाव आणि तालुका लिहीत नाही. पण आपल्या भागातून जी मुलगी लग्न करून बाहेरदेशी निघणार आहे, तिने हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

आधी परवान्याचं थोडक्यात सांगते. नवऱ्याला आइंडहोवनला नोकरी लागली. तिथल्या इमिग्रेशन खात्याला आयएनडी म्हणतात. कंपनी त्या खात्याकडे मान्यताप्राप्त असेल तर कुशल कामगाराचा आणि त्याच्या बायकोचा अर्ज कंपनीच करते, आपण कागद स्कॅन करून पाठवायचे. मंजुरी आली की मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आणि पासपोर्टवर एमव्हीव्ही नावाचा प्रवेश-व्हिसाचा स्टिकर लावून घ्यायचा. तो 90 दिवस चालतो, तेवढ्यात तिकडे पोहोचायचं. परवान्याचं कार्ड तिथे गेल्यावर हातात मिळतं. बायकोला डच भाषेची परीक्षा आधी द्यावी लागते असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, कुशल कामगाराच्या जोडीदाराला ती माफ आहे.

यात भारतातून न्यायचे मोठे कागद दोनच. लग्नाचा दाखला आयएनडीला लागतो आणि जन्माचा दाखला तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना लागतो. दोन्हींवर अपोस्टील हवं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून आपलं परराष्ट्र मंत्रालय लावतं तो स्टिकर. लग्नाची नोंद आमची अमळनेर नगरपरिषदेत झालेली होती, नमुना ई मधला दाखला लगेच मिळाला. जन्मदाखला मात्र माझ्याकडे नव्हताच. शाळेत, कॉलेजात, पासपोर्टलाही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागलं होतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझा जन्म 1992 चा, मामाच्या घरीच झालेला. नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली. बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरी राहिली. आणि आईचं नाव नानांनी तेच सांगितलं ज्या नावाने त्यांनी लेकीला आयुष्यभर हाक मारली, म्हणजे माहेरचं. लग्नात आईचं नाव बदललेलं. माझ्या पासपोर्टवर आईचं सासरचं नाव आहे. खानदेशात असल्या नोंदी घरोघरी आहेत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्रामपंचायतीला कुलूप होतं. शिपाई पारावर बसला होता. म्हणाला, ‘‘साहेब नही शेत, सकाय या.’’ (अहिराणीत ‘शेत’ म्हणजे आहेत.) ग्रामसेवकांकडे दोन गावांचा चार्ज, ते कोणत्या वारी कुठे बसतात याची पाटी कुठेच नाही. पुढे भेटले तर कपाटाची किल्ली पंचायत समितीत राहिलेली. किल्ली आली तेव्हा ऑडिट सुरू होतं. मे महिना, आप्पांना बीपीचा त्रास, आणि बसायला जागा म्हणजे बाहेरच्या पत्र्याखालचा ओटा. मला आजही त्या ओट्याचा राग येतो.

शेवटी रजिस्टर निघालं. लाल कापडात बांधलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. माझी ओळ सापडली. निळी शाई फिकी झालेली, तारीख बरोबर, लिंग ‘स्त्री’, आणि नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आईच्या नावापुढे नानांनी सांगितलेलं नाव, खाली नानांची सही. आप्पा त्या सहीवर बोट ठेवून बराच वेळ उभे होते. मला वाटलं, झालं आपलं काम.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, ‘‘ताई, नाव टाकायची मुदत 15 वर्षं असते. तुमची केव्हाच संपली. आणि आईचं नाव मी बदलू शकत नाही, रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर माझी नोकरी जाईल.’’ मी विचारलं, मग काय करू? ‘‘कोर्टातून आणा.’’ कोणत्या कोर्टातून, कोणत्या कलमाखाली, ते त्यांना सांगता येईना. लेखी द्या म्हटलं तर तेही देईनात. तिकडे मंजुरी येऊन पडली होती. पण एकदा स्टिकर लागला की 90 दिवस मोजायला सुरुवात होणार, म्हणून मुंबईची तारीख मी मुद्दाम लांबवत होते. नवरा रात्री फोनवर विचारायचा, आज काय झालं? मला सांगायला काहीच नसायचं.

याच काळात एक एजंट भेटला. त्याचा मार्ग सोपा होता: जुनी नोंद विसरा, नोंद नाही असा अनुपलब्धतेचा दाखला काढू, त्यावर उशिराच्या नोंदीचा आदेश आणू, पासपोर्टप्रमाणे सगळी नावं टाकून नवी नोंद करू. त्याने पैसेही सांगितले. मी स्पष्ट नाही म्हटलं. नानांच्या सहीची नोंद डोळ्यांनी बघून आल्यावर ‘नोंद नाही’ असं मी लिहून देणार नव्हते. एका माणसाच्या जन्माच्या दोन नोंदी करणं हे खोटंच आहे, आणि परदेशातल्या फाइलला लावलेला खोटा कागद आयुष्यभर मानेवर बसतो. कुणी हा मार्ग सुचवला तर उठून बाहेर या.

मार्ग निघाला तो धुळ्याला, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात. जन्म-मृत्यू नोंदणीचं काम वरून तिथे बघतात हे मला मामेबहिणीने सांगितलं, ती आशाताई आहे, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका. तिथल्या टेबलावरच्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 उघडून दोन कलमं दाखवली. कलम 14 बाळाचं नाव नंतर भरण्याचं. 15 वर्षांची मुदत आहे हे खरं, पण जुन्या नोंदींसाठी राज्याने ती वेळोवेळी वाढवून दिलेली आहे आणि त्याची परिपत्रकं खाली ग्रामपंचायतीपर्यंत गेलेली असतात. कलम 15 दुरुस्तीचं. त्यात मूळ नोंदीला हात लावायचाच नसतो. समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने तारखेसह सही करायची. ग्रामपंचायतीत निबंधक म्हणजे ग्रामसेवकच. खाडाखोडीचा प्रश्नच नव्हता! जे काम भाऊसाहेबांच्या स्वतःच्या अधिकारातलं होतं, त्यासाठी ते मला कोर्टात पाठवत होते.

बाईंनी परिपत्रकाची प्रत दिली आणि एक गोष्ट बजावली: तोंडी काही बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. दाखले देण्याची सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात येते, पोच असेल तर अपील करता येतं. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर आप्पांच्या चकरा वाचल्या असत्या. तुम्ही पहिल्याच दिवशी अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा.

आईच्या नावासाठी पुरावा काय? तर आईचं प्रतिज्ञापत्र, आणि हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं लेखी निवेदन. एक मामा. दुसऱ्या शेजारच्या आजी, माझ्या जन्माच्या वेळी खोलीत हजर होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. अंगठा उठवण्याआधी त्यांनी कागद मोठ्याने वाचून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘दोन्ही नावं एकच पोरीनी शेत, मी सांगस ना!’’ माझ्या नावासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा चालला.

परिपत्रक, अर्ज आणि पोच समोर ठेवल्यावर भाऊसाहेबांनी काम केलं. समासात लाल शाईने ओळ लिहिली, सही केली, शिक्का मारला. नोंद ऑनलाइन भरली गेली आणि नमुना 5 मधला दाखला माझ्या नावासह बाहेर आला. मी तिथेच, त्याच ओट्यावर बसून प्रत्येक अक्षर पासपोर्टशी जुळवून पाहिलं. आप्पा म्हणाले, चल आता, पण मी हलले नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर सगळं पुन्हा, म्हणून दाखला हातात पडल्यावर जागेवरच तपासा.

अपोस्टीलचं म्हणाल तर भारत 2005 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आधी राज्य सरकारचा शिक्का, तो मी मंत्रालयातून घेतला. मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. परराष्ट्र मंत्रालयाची मूळ फी एका कागदाला 50 रुपये असते, वरचे पैसे अधिकृत एजन्सीच्या सेवेचे, तेव्हा कुणी अपोस्टीलचे हजारो सांगितले तर हिशोब मागा. दाखले लॅमिनेट करू नका, शिक्के मागे मारतात. आमच्या आप्पांना प्रत्येक कागद लॅमिनेट करायची सवय, लग्नाचा दाखला दुकानातून परत आणवला होता. आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला दाखलाच घ्या. नेदरलँड्समध्ये इंग्रजी कागद चालतो, नुसत्या मराठीतल्या कागदाचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावं लागतं.

तिकडचं सांगायला फार नाही. पोहोचल्यावर 5 दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते. खिडकीवरच्या मुलीने जन्मदाखला उलटून अपोस्टील पाहिलं, आई-वडिलांची नावं टाइप केली आणि कागद परत दिला. मला बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक मिळाला, त्याशिवाय तिथे बँक नाही की पगार नाही. आयएनडीच्या कार्यालयातून कार्ड घेतलं. त्यावर छापलेलं आहे की मला कुठलंही काम करायला मोकळीक आहे, वेगळा परवाना नको. ते वाचून मी पहिला फोन आईला केला. भारतीयांना 3 महिन्यांच्या आत टीबीची तपासणी करावी लागते, छातीचा एक्स-रे काढतात. आरोग्य विमा 4 महिन्यांच्या आत घ्यायचा, पण पैसे पहिल्या दिवसापासूनचे लागतात, त्यामुळे उशीर करून काही वाचत नाही.

राहिलेली एक गोष्ट: दुरुस्ती झाली की जन्मदाखल्याच्या तीन-चार प्रती एकदमच सही-शिक्क्याने घ्या आणि त्यातल्या दोन अपोस्टील करून आणा. एक प्रत माहेरी ठेवा. आणि लहान भावंडांच्या नोंदीही त्याच फेरीत काढून बघा. माझ्या भावाच्या नावाची जागाही कोरीच निघाली, त्याचा अर्ज मी निघायच्या आधी पोच घेऊन देऊन आले.