बोटं हलवायची सवय आणि मांजराचे दात

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आल्या की घरात पाच-सात पोरं एकदम वाढतात. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला असतो, पोरींच्या पायांत पैंजण असतं, बाहेर पारा ४४-४५ वर गेलेला असतो. आणि एरवी कोठीखाली निवांत पडून राहणारी मनी नेमकी याच दिवसांत कुणाच्या तरी पोटरीला लटकते. मग ‘मांजर पिसाळलं’, ‘शिवारात सोडून या’ असं सुरू होतं.

बहुतेक वेळा मनी पिसाळलेली नसते. झोक्यावरून लोंबणारा, छुमछुम वाजणारा पाय तिला माणसाचा पाय वाटतच नाही. तिच्या लेखी तिथे भक्ष्य पळत असतं. मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम, आणि तिचा क्रम ठरलेला: दबा धरायचा, पार्श्वभाग हलवत नेम साधायचा, झेप घ्यायची, पुढच्या पंजांनी कवटाळायचं, दात रोवायचे आणि मागच्या पायांनी लाथा मारत ओरबाडायचं. पोट भरलेलं असलं तरी हा क्रम चालतो, कारण शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. लहान मूल धावतं, किंचाळतं, पडतं. भक्ष्यही तेच करतं. म्हणून घरातल्या आजोबांना न चावणारं मांजर चार वर्षांच्या नातवाला चावतं.

किती जोराने चावायचं हे पिल्लू भावंडांत शिकतं. जास्त जोर लावला की दुसरं पिल्लू ओरडतं, खेळ थांबतो, आई पंजा मारते. त्यासाठी पिल्लू आईजवळ निदान ८ आठवडे, जमलं तर १२ आठवडे राहायला हवं. आपल्याकडे मात्र डोळे उघडून पंधरा दिवस झाले की धान्यातल्या उंदरांसाठी म्हणून ते उचलून आणतात. त्याचे राहिलेले धडे मग घरातल्या माणसांनी द्यायचे असतात, आणि तिथेच घोटाळा होतो. गोधडीखाली बोटं हलवून पिल्लाला झेप घ्यायला लावणं सगळ्यांनाच गोड वाटतं. दीड महिन्याच्या पिल्लाचे दात टोचले तरी हसू येतं. सहा महिन्यांनी तेच मांजर पक्क्या दातांनी तोच खेळ पोराच्या हाताशी खेळतं. तेव्हा त्याला मारून काय उपयोग? शिकवलं आपणच. मुलं क्वचित सुरुवात करतात. बोटं हलवणारा बहुधा मामा किंवा काका असतो, म्हणून नियम मोठ्यांपासून लागू करा: हात-पाय कधीच खेळणं नाही. घरातल्या एकानेही तो मोडला तरी मांजर गोंधळतं, कारण कुठला हात खेळायचा आणि कुठला नाही हे त्याला ओळखता येत नाही.

खेळ आणि भांडण यांतला फरक मुलांना दाखवून ठेवा. खेळताना मांजर बहुधा गप्प असतं, मध्येमध्ये थांबतं, अंग सैल असतं. कान आडवे पडून मागे चिकटले, अंगावरचे केस उभे राहिले, फिस्कारणं किंवा गुरगुरणं सुरू झालं तर तो खेळ नाही. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते आणि बहुतेक ओरखडे तिथेच बसतात: शेपटीचं टोक फटके मारू लागतं, पाठीची कातडी थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यातलं एकही दिसलं की हात काढून घ्यायचा. कुरवाळताना तीन सेकंद खाजवा, थांबा, मांजर स्वतः डोकं पुढे करतं का बघा. गाल, हनुवटी, कानांच्या मुळाशी चालतं. पोट, शेपटी आणि पंजे नाहीत. पाठीवर लोळून पोट दाखवणारं मांजर कुरवाळायला बोलावत असतंच असं नाही. त्या स्थितीत चारही पंजे मोकळे असतात, आणि लहान मुलांचे हात तिथेच फसतात.

आता खेळण्याबद्दल. हे नीट केलं तर निम्मा त्रास जातो. तीन फुटांची तुराटी किंवा बांबूची काडी घ्या, टोकं घासून बोथट करा. तिला दोन फूट जाड सुती नाडी बांधा आणि नाडीच्या टोकाला जुन्या कापडाची उंदराएवढी गुंडाळी घट्ट शिवा. बटण, टिकली, रबर लावू नका. वाळलेल्या केळीच्या पानाची पट्टी बांधली तर सळसळीमुळे मांजर जास्त रमतं, पण पान ताज्या फवारणीच्या बागेतलं नको आणि फाटू लागलं की बदलायचं. काडी लांब असल्याने मुलाचा हात भक्ष्यापासून दूर राहतो. चार-सहा वर्षांच्या मुलाने ती मोठ्यांसोबतच धरावी.

खेळवायची पद्धतही आहे. गुंडाळी मांजराच्या तोंडावर नाचवली तर ते बिथरतं. कुठला उंदीर मांजराकडे पळत येतो? ती त्याच्यापासून दूर न्यायची, खाटेच्या पायामागे लपवायची, थांबवायची, परत किंचित हलवायची. चार-पाच झेपांमागे एकदा खरंच पकडू द्या. लेझरचा लाल ठिपका कधीच हाती लागत नाही, मांजर चिडचिडं होतं, शिवाय पोरांच्या डोळ्यांनाही तो घातक. दहा मिनिटं झाली की हालचाल मंद करत थांबवा आणि लगेच थोडं खायला द्या: मीठ-मसाल्याविना उकडलेलं कोंबडीचं मांस, अंडं किंवा त्याचं रोजचं खाद्य. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप अशी त्याची साखळी पूर्ण झाली की ते स्वतःच आडवं होतं. कांदा-लसणाची फोडणी पडलेला रस्सा मात्र देऊ नका. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

खेळ संपला की काडी उंच खुंटीला. नाडी, राखीचा दोरा, संक्रांतीचा मांजा मांजराने गिळला तर आतडी गोळा होऊन कापली जातात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

लाथा मारायची हौस भागवायला वेगळी वस्तू हवी. जुन्या मोज्यात कापूस भरून तोंड शिवा, साधारण २५ सेंटिमीटर लांब. मांजर पायावर झेपावू लागलं की हा मोजा पुढे टाकायचा.

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात चपळ असतं, आणि पोरंही संध्याकाळीच अंगणात उधळतात. म्हणून त्या गर्दीच्या आधी, सहा-साडेसहाला, दहा मिनिटं काडीने खेळवून मांजराला दमवा. सकाळी उन्हं चढण्याआधी आणखी एकदा. वर्षाच्या आतल्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा लागतं. मे महिन्यात दुपारी ते माठाजवळच्या गार फरशीवर पडलेलं असेल तर पोरांना तिकडे फिरकू देऊ नका, झोपमोड झालेलं मांजर खेळत नाही, थेट मारतं. खेळताना तोंड उघडून धापा टाकू लागलं तर खेळ तिथेच बंद, सावली आणि पाणी. मांजराचं धापणं कुत्र्यासारखं नेहमीचं नसतं. चार-पाच फुटांवर एक फळी किंवा माळ्याचा कोपरा त्याच्या एकट्याचा ठेवा, तिथे चढलेल्या मांजराला खाली ओढायचं नाही. बाहेरचा बोका खिडकीत बसून गुरगुरत असेल तर आपलं मांजर त्याचा राग जवळच्या पोरावर काढतं. अशा वेळी त्याला काही तास एकटं सोडा.

हात पकडलाच तर? हिसडा देऊ नका. भक्ष्य सुटतंय असं वाटून पकड घट्ट होते आणि कातडी फाटते. हात स्थिर करून उलट किंचित मांजराकडेच ढकलायचा. पकड ढिली पडते, मग सावकाश काढून घ्यायचा आणि पाठ न फिरवता दूर व्हायचं. मुलांना एवढंच सांगा: मनीने पकडलं की झाड व्हायचं, ओरडायचं नाही. मोठ्यांनी मांजराला चापट मारणं, मानगूट धरून झटकणं, तोंडावर पाणी उडवणं हे सोडा. त्याने मांजर माणसाला घाबरू लागतं आणि घाबरलेलं मांजर खेळकर मांजरापेक्षा खोल चावतं. तीन वर्षांखालचं मूल आणि मांजर यांना हाताच्या अंतरावर मोठं माणूस असल्याशिवाय एकत्र ठेवू नये. या वयात चेहरा मांजराच्या पंजाच्या उंचीवर येतो.

नखं दोन-तीन आठवड्यांनी, फक्त टोकाचा पारदर्शक भाग. आतली गुलाबी रेघ कापली तर रक्त येतं.

आता जखम झाली तर काय, कारण ‘खेळता खेळता तर लागलं’ म्हणून इथे ढिलाई होते. मांजराचे दात बारीक आणि लांब, वरून ठिपका दिसतो, आत जंतू खोल गेलेले असतात. हाताची जखम दुसऱ्या दिवशीच सुजून लाल होऊ शकते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडिन लावा. हळद, चुना, तिखट, तेल काही नको, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात किंवा सिव्हिलला जा. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही. रक्त न येणाऱ्या ओरखड्यालाही लस लागते. दात रुतला किंवा रक्त आलं तर लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं). कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, स्नायूत देतात ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी झालं तेही डॉक्टरांना सांगा. ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ आली, ताप आला तर मांजराच्या ओरखड्याचा उल्लेख करायला विसरू नका.

मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी बूस्टर, मग दरवर्षी. घरचं असलं तरी रात्री ते शेताशिवारात फिरतं. कधीच न चावणारं मांजर अचानक चावू लागलं तर दात, सांधे, कुठलीशी जखम यांपैकी काहीतरी दुखत असण्याची शक्यता मोठी, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण आवाज बदललाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तोल जातोय असं दिसलं तर स्वतः पकडायला जाऊ नका. पोरांना दूर घ्या, मांजर असलेल्या खोलीचं दार बाहेरून लावा आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा.