नागासाकी : पाणी मागणाऱ्यांचे स्मारक

नागासाकी, नोव्हेंबर

सकाळी ट्रामने उतरून प्रथम स्फोटकेंद्राच्या बागेत गेले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी ज्या जागेच्या साधारण ५०० मीटर वर प्लुटोनियमचा बॉम्ब फुटला, तेथे काळ्या दगडाचा एक साधा स्तंभ उभा आहे. विमान खरे तर कोकुरा शहरासाठी निघाले होते. तेथे लक्ष्य दिसेना म्हणून ते इकडे वळले आणि इथल्याही ढगांमुळे बॉम्ब ठरलेल्या जागेऐवजी उत्तरेच्या उराकामी खोऱ्यावर पडला. स्तंभापाशी फुलांशेजारी कोणीतरी पाण्याची भरलेली बाटली ठेवली होती. ती विसरलेली नसून वाहिलेली आहे, हे मला पुढे टेकडीवरच्या शांती उद्यानात गेल्यावर उमगले.

बागेलगतच्या ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी त्या वेळच्या जमिनीचा थर काचेआड जपला आहे. फुटकी कौले, विटांचे तुकडे आणि वितळून आकार हरवलेली काच त्या मातीत अजून तशीच रुतलेली आहे. तेथे मी बराच वेळ उभी राहिले, कारण मागे रोजचा संसार होता हे त्या कौलांवरून जितके कळते तितके कोणत्याही आकड्यावरून कळत नाही.

शांती उद्यानात शिरताच १९६९ मध्ये बांधलेले कारंजे लागते. त्याच्यासमोरच्या शिळेवर एका मुलीच्या आठवणीतल्या ओळी कोरल्या आहेत: तहान सोसवेना, पाण्यावर तेलासारखा तवंग पसरला होता, तरीही शेवटी तसेच ते पाणी प्यायले, असा त्यांचा आशय आहे. भाजलेली माणसे त्या दिवशी पाणी पाणी करीत नदीकडे आणि ओढ्यांकडे सरपटत गेली आणि कित्येकांनी काठावरच प्राण सोडला. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्राने पाण्याचे दोन थेंब घालतात आणि एखाद्याच्या मरणाची कणव सांगताना ‘शेवटचे पाणी पाजायलाही कोणी नव्हते’ असे म्हणतात. येथे त्याच्या उलट घडले होते. जवळची माणसे होती, क्वचित पाणीही होते. पण भाजलेल्याला पाणी दिले तर तो दगावतो अशी त्या वेळी समजूत असल्यामुळे अनेकांनी आपल्या माणसाच्या जिवासाठीच मन घट्ट करून पाणी नाकारले. ती माणसे तरीही गेली, आणि मागे राहिलेल्यांना त्या नकाराची सल जन्मभर पुरली. दर वर्षी ९ ऑगस्टच्या सभेत मृतांना पाणी अर्पण करतात, त्यामागे हे सारे आहे.

पुढे सेइबो कितामुरा यांचा १९५५ मधला, जवळजवळ १० मीटर उंचीचा शांतिपुतळा आहे. उजवा हात आकाशातल्या संकटाकडे, डावा आडवा, शांततेसाठी. सगळे छायाचित्रे तेथेच काढतात. मला मात्र त्या पीळदार शरीराशी काही बोलावेसे वाटले नाही.

दुपारी संग्रहालय पाहिले. आत शिरताच पाय वाकलेली पाण्याची लोखंडी टाकी दिसते; ती स्फोटकेंद्रापासून सुमारे ८०० मीटरवरच्या एका शाळेतली आहे. कोळसा झालेल्या भाताच्या डब्यापुढे शाळेची मुले वहीत काही टिपून घेत होती आणि त्यांच्या बाई एकही शब्द न बोलता मागे थांबल्या होत्या. त्या बाई मला फार आवडल्या.

शेजारचे, २००३ मध्ये उघडलेले राष्ट्रीय स्मृतिभवन जवळजवळ सगळे जमिनीखाली आहे. वर दिसते ते फक्त पाण्याचे गोल, उथळ कुंड. शहराच्या हिशेबाप्रमाणे १९४५ अखेरपर्यंत ७३,८८४ माणसे मेली, आणि त्यांच्यासाठी या कुंडात रात्री सुमारे ७०,००० बारीक दिवे उजळतात. खाली काचेच्या १२ खांबांच्या दोन रांगांमधून स्फोटकेंद्राच्या दिशेने पाहिले की टोकाला मृतांच्या नावांच्या वह्यांचे कपाट दिसते. या वह्या मिटलेल्या असल्या तरी संपलेल्या नाहीत. किरणोत्सर्ग सोसून पुढे जगलेली आणि आता एकेक करून जाणारी माणसे दर ऑगस्टमध्ये त्यांत लिहिली जातात.

सान्नो देवळाची एका खांबावर तगून राहिलेली कमान आजच पाहायची होती. ती येथून लांब नाही. परंतु आणखी काही पाहण्याचे त्राण उरले नव्हते, म्हणून ते उद्यावर टाकले आहे.