आमची वाटचाल : जिनिंगच्या गावातलं वकिली ऑफिस

नागपूर खंडपीठातली ज्युनिअरशिप आटोपून पांढरकवड्यात ऑफिस थाटलं, ते कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या भरवशावर. सुरुवातीचं भाडं मात्र फेरफार आणि वाटणीच्या दाव्यांनीच भरलं.

कंपन्यांचं काम खऱ्या अर्थानं आलं ते 2018 नंतर. व्यापारी न्यायालयांसाठी दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा 1 कोटीवरून 3 लाखांवर आली आणि एका ट्रक रुईचं अडकलेलं बिलही 'व्यापारी वाद' झालं. यात प्रतिवादीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला जास्तीत जास्त 120 दिवस. पुढे दार बंद. तारखांवर तारखा घेणाऱ्यांना हे पचायला जड गेलं. तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. पुष्कळ वकिलांना ती कटकट वाटते, मला नाही. सूतगिरणीला पुढच्या हंगामातही याच पट्ट्यातली रुई लागते. बरंच काही तिथंच मिटतं.

पैसे थकवणाऱ्या कंपनीला दिवाळखोरी संहितेची नोटीस हे आमचं हुकमी पान होतं. मार्च 2020 मध्ये त्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा 1 लाखावरून 1 कोटीवर गेली आणि लहान पक्षकारांच्या हातून ते गेलं. आता भर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेवर. माल घेतल्यावर फार तर 45 दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदारानं 75 टक्के रक्कम आधी भरायची. लघुउद्योग म्हणून केलेली 'उद्यम' नोंदणी तेवढी व्यवहाराआधीची हवी.

खटला उभा राहतो तो कागदावर. गिरणी हमखास म्हणते, ओलावा जास्त होता. मग आम्ही वजनकाट्याची पावती, ट्रकची बिल्टी (माल वाहतुकीची पावती), लॉटचा तपासणी अहवाल मागतो. "वकीलसाहेब, समदं मोबाईलमधीच हाय नं जी," असं उत्तर येतं. मोबाईल बदललेला असतो! मेसेज पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली.

जिंकलेल्या दाव्यांची यादी इथं नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि ते बरंच आहे.

दसऱ्याच्या सुमारास, हंगाम लागायच्या आत, आम्ही जिनिंगवर जाऊन सौदाचिठ्ठ्या तपासतो. त्याची फी वेगळी. तिच्यावरून घासाघीस होतेच.