उंदराचं पेट स्कॅन आणि एनओसीचा घोळ

पीएचडीसाठी ट्यूमरवाल्या उंदरांचं एफडीजी पेट स्कॅन करायचं होतं, म्हणजे एफडीजी ही किरणोत्सारी साखर टोचायची आणि ती कुठे साठते ते स्कॅनमध्ये बघायचं. फायदा उघड आहे, तोच उंदीर दर आठवड्याला स्कॅन करता येतो, प्रत्येक टप्प्याला नवे मारावे लागत नाहीत. म्हटलं एथिक्सवाले खूश होतील. कसले!

फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरून आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी एथिक्स कमिटीकडे) दिला, तर म्हणे रेडिएशनची एनओसी जोडा. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे गेले तर सर म्हणाले, आधी एथिक्सचा अप्रूव्हल नंबर आणा, त्याशिवाय मी सही कशावर करू? दोघं एकाच बिल्डिंगमध्ये, मधे एक जिना, पण एकमेकांना फोन करतील तर शपथ. त्यात आयएईसीची मीटिंग हुकली की पुढचीची वाट बघत बसा. मग क्वेरी, स्कॅननंतर उंदीर मेला तर त्याचं काय करणार? लिहून दिलं की एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटं, दहा हाफ लाइफ म्हणजे १८-१९ तासांत हजारातला एक भाग उरतो, तोवर शिल्डिंगमागे फ्रीजरमध्ये ठेवू, रेडिएशन मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने बघू आणि मगच बायोमेडिकल कचऱ्यात देऊ. त्यावर पुन्हा क्वेरी, पिंजऱ्यातल्या भुशाचं काय? प्रश्न बरोबरच आहे हो, एफडीजी लघवीतून जातं, पण मग पहिल्याच वेळी विचारायला काय झालं होतं? शेवटी आमच्या गाइड मॅडमनी दोघांना एकाच मेलमध्ये घातलं आणि 'एनओसीच्या अधीन राहून मंजूर' असं लिहून घेतलं, तेव्हा गाडी हलली. तुम्ही ही ओळ आधीच मागा.

स्कॅनिंग त्यामानाने मजेत झालं. उंदीर काही तास उपाशी ठेवायचे, पाणी चालू, आणि इंजेक्शनच्या आधीपासून उबेत ठेवायचे, नाहीतर एसीच्या गारठ्याने खांद्यांमधली ब्राऊन फॅट (ऊब तयार करणारी चरबी) ट्यूमरपेक्षा जास्त चमकते. शेपटीच्या शिरेबाहेर औषध गेलं तर स्कॅनमध्ये शेपूटच पेटलेली दिसते, आकडे बाद. एफडीजीची गाडी दोन तास उशिरा आली तर निम्मंच उरतं, तेवढ्याच डोसला दुप्पट व्हॉल्यूम लागतं, आणि एवढ्याशा शेपटीतून ०.२ मिलीच्या वर जायचं नाही. म्हणून ऑर्डर देताना उशीर धरूनच ॲक्टिव्हिटी (किरणोत्साराचं प्रमाण) सांगा.

हो, आणि फॉर्म बीमध्ये उंदरांची संख्या लिहिताना स्कॅनच्या भुलीत दगावणारे एक-दोन धरा, कारणासकट. नंतर वाढवायची म्हटली की सुधारित अर्ज, नवी मीटिंग आणि परत तोच जिना.