आमटीतलं मीठ

शाळेच्या स्मरणिका समितीचं पत्र मिळालं. 'शाळेने मला काय दिले' यावर लिहा, असं कळवलंय. इमारत, मैदान, घंटेजवळचा कडुनिंब यांवर बाकीचे लिहितीलच. मी बाईंवर लिहिणार. कोणत्या बाई, हे बोर्डिंगच्या मुलांना सांगायला नको.

१९७२ साल, मी आठवीत. नगर जिल्ह्यात ज्यांनी तो दुष्काळ काढला त्यांच्या जिभेवर लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची चव अजून असेल. बोर्डिंगची आमटी इतकी पातळ की ताटाचा तळ दिसायचा. एका संध्याकाळी मी पंगतीत मोठ्याने म्हणालो, "मावशी, ही आमटी आहे का हात धुवायचं पाणी?" पंगत खदाखदा हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आणि उरलंसुरलं त्या पदराआड घरी नेत, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो.

बाई तिथेच जेवत होत्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "आज मीठ तू घाल." साठ मुलांचं पातेलं. मी एक ओंजळ घातली. कमी वाटली म्हणून आणखी एक. चव घेतली आणि तोंडचं पाणी पळालं. मावशींनी मुकाट्याने होते ते दोन बटाटे चिरून टाकले, वर कळशीभर पाणी ओतलं. आमटी कालच्याहून पातळ झाली आणि तरी खारटच राहिली.

पंगतीत कुरकुर सुरू झाली तशा बाई उठल्या. "आजचं मीठ माझ्या सांगण्यावरून पडलंय. पाणी जास्त प्या." एवढंच. खोटं बोलल्या नाहीत आणि माझं नावही घेतलं नाही. त्यातलं कसब मला तेव्हा कुठलं कळायला! सुटलो, एवढंच कळलं. भांडी घासताना मात्र हळूच म्हणाल्या, "कमी पडलं असतं तर वरून घालता आलं असतं, नाही रे?" आणि बायबलातल्या कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सहावं वचन पाठ करायला दिलं. बोलणं कृपायुक्त, मिठाने रुचकर केल्यासारखं असावं, हे ते वचन.

बायबलातला ईयोब सगळं गमावून बसला, त्याच्या मित्रांबद्दल बाईंचं मत ठरलेलं होतं. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि घालवलं. अलीहू त्यांच्यात सगळ्यांत लहान. थोरांचं संपेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, वयाने मोठे तेच शहाणे असं काही नसतं. हे चर्चमध्ये वाचताना बाई पुढच्या बाकांवर बसलेल्या पंचमंडळींकडे बघत. आम्हाला मोठी गंमत वाटे.

आज मी सहासष्ट वर्षांचा आहे. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, मुलगी पुण्यात डॉक्टर आहे, चर्चच्या मंडळीत तिसऱ्यांदा पंच निवडून आलो. पुढच्या बाकावर आता मीच बसतो. दोन वर्षांपूर्वी सभेत तरुण संघातल्या एका मुलाने गीतं पडद्यावर दाखवावीत असं सुचवलं. मी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात धरून पंचवीस मिनिटं बोललो. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं तिथपासून सुरुवात केली, रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर आलो आणि शेवटी म्हणालो, "तुझ्या वयात आम्ही सभेत तोंड उघडत नव्हतो." पोरगा खाली बसला. पुढच्या रविवारपासून देवळात यायचा थांबला.

पुस्तक हातात असावं असं मला अजूनही वाटतं. पण त्या दिवशी माझ्या दोन ओंजळी पडल्या. महिन्याभराने त्याच्या घरी गेलो. माफीचं तोंडातून निघेना; तासभर त्याच्या आजीशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारून परतलो. नाताळात तो आला, मागच्या बाकावर बसला. सलाम अजून करत नाही.

बाईंना शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना ऐकू कमी येत होतं, तरी समोरच्याचं संपेपर्यंत त्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी प्रमोशन, बदल्या, नवं घर, सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशींकडे जाऊन आलास का?"

मी गेलो नव्हतो. नंतर चौकशी केली तर मावशी आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

बोर्डिंग आता राहिलं नाही, स्वयंपाकघराच्या जागी संगणक कक्ष झालाय. झालं ते ठीकच असेल, मला बघवत नाही. स्नेहभोजनाला येतो आहे. समितीला एकच विनंती. स्मरणिकेत शिक्षकांची यादी छापाल तेव्हा तिच्याखाली मावशींचंही नाव घाला. त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नाही. ऑफिसातल्या जुन्या पगाराच्या वह्यांत बघा, सापडेल.